कुलूपखाना

लॉ स्कूलच्या तळघरात, बॉयलरला खेटून,
आमचा कुलूपखाना.
वर्लीन टब्स इथे एकतीस वर्षं बसते.
मी कामावर आलो तेव्हा तिनं नाव विचारलं नाही,
हात पाहिले.
"घाम येतो का रे? पितळेला घाम मानवत नाही."

विद्यापीठ जुनं. कमानीवर लॅटिन, कमानीखाली पाहुणे.
दगड म्हणे ईरी सरोवरावरून तराफ्यांवर आले.
हे सांगायला पोरं नेमलीत, उलटी चालणारी.
उलटं चालत, न अडखळता, दाखवत जातात :
हे घंटाघर, ही वेल,
ही पायरी, हिच्यावर बसलं की पदवी हुकते.
वर्लीन रोज त्याच पायरीवर डबा उघडते.
"मला कुठे घ्यायचीय," म्हणते.

यंदा किल्ल्या बंद.
दारोदारी एकेक काळा डोळा बसवला,
कार्ड दाखवलं की हिरवा होतो.
चार महिने आम्ही किल्ल्या गोळा करतोय
रंगाच्या रिकाम्या बादल्यांतून.
डीनची आली पाकिटात, पोचपावतीसकट.
म्हाताऱ्या ग्रंथपाल बाईंनी आणली रुमालात,
उपटलेल्या दातासारखी,
आणि जाताना दोनदा वळून पाहिलं.

सप्टेंबरात, एका मंगळवारी,
एकशे अकरा नंबरच्या वर्गाचं कुलूप अडलं.
आत तास चालू. मी गुडघ्यांवर, तोंडात स्क्रू,
वर्लीन दारात उभी. ओठ हलत होते.
पावलं मोजत होती, न चालता.
आत प्रोफेसर सांगत होते, जमिनीची किंमत म्हणजे
शेवटच्या गिऱ्हाइकानं दिलेला आकडा.
ती माझ्या कानाशी वाकली :
"तो उभाय ना, तिथे आमचा स्टोव्ह.
फळ्यापाशी आईचा फोन, भिंतीवर नंबर खरडलेले.
खिडकीपासून अकरा पावलं, की झाड."

झाड आहे.
चौकाच्या कोपऱ्यात, नासपतीचं, एका अंगाला कललेलं.
तिची गल्ली विद्यापीठाच्या नकाशात नाही,
गटारांच्या नकाशात आहे अजून, नावासकट :
टॅनर्स लेन. नळदुरुस्तीवाले तेवढं ते नाव घेतात.
बुंध्याशी पाटी. शास्त्रीय नाव, आणि खाली,
'सन १९६८च्या तुकडीकडून भेट.'

"कुणाला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.
"काय सांगू, अनिबाल?
थंडीनं पाटी ढिली होते दर दोन-चार वर्षांनी.
चारही स्क्रू मीच आवळते.
नीट बसव म्हणतात. बसवते. हलत नाही बघ."
मी हलवून पाहिली.
नाही हलली.

मला वाटलं होतं, तिच्या जुडग्यात कुठेतरी
त्या घराची किल्ली असणार.
इतक्या किल्ल्यांत एक अशी असतेच, नाही का?
शेवटी विचारलंच, शुक्रवारी,
भंगारवाल्याचा ट्रक मागच्या दाराशी आला तेव्हा.
ती इतकी हसली की खोकला लागला.
"किल्ली? अरे, सात वर्षांची होते मी.
आणि दार कोण लावायचं तिथे?
आई फक्त ओरडायची, पाय पुसून या."

बादल्या वजनावर गेल्या. काटा करकरला,
भंगारवाल्यानं नोटा मोजल्या, ऑफिसनं पावती फाडली.
एक बादली वर्लीननं मागे ठेवली, रिकामी,
आणि संध्याकाळी, पोरं जेवायला गेल्यावर,
आम्ही दोघं झाडाखाली.
गांधीलमाश्या, चिखल, कुणाचा तरी विसरलेला मोजा.
गार्ड दुरून आला, आम्हाला ओळखून परत गेला.
खाली पडलेल्या फळांना ती हात लावत नव्हती.
फांदी धरून, फळ आडवं उचलून बघायची :
सुटलं तर तिचं, नाही तर झाडाचं.

मी तिथेच एक चावलं.
कडक. दातांत वाळू आल्यासारखं.
"घाई," ती म्हणाली, बादलीतून दुसरं निवडून
माझ्या खिशात कोंबत.
"हे झाडावर पिकत नाही कधी.
कागदात गुंडाळून ठेव, दोन आठवडे.
उजेडात नको."